मावशींचा धोंडा

दर वर्षी सप्टेंबर संपत आला की मुख्याध्यापिका एक परिपत्रक माझ्या टेबलावर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "वन्यजीव सप्ताह. विज्ञान तुमच्याकडे, म्हणजे वाघही तुमच्याकडेच." सप्ताह आपला नावाला. गांधीजयंतीची सुट्टी वजा करा, रविवार वजा करा, तोंडावर आलेली सहामाही वजा करा. हाती उरायचे दोन दिवस. तेवढ्यात शनिवार पेठेतल्या आमच्या मुलींच्या शाळेने देशातलं सगळं रान वाचवायचं.

पहिल्या दिवशी फेरी. "वाघ वाचवा" असे फलक घेऊन आम्ही मंडईपर्यंत जायचो. एकदा एका भाजीवालीने वांगी निवडता निवडता मला विचारलं, "बाई, वाघ कुठं ठेवलाय? आमच्याकडनं त्याला काय धोका न्हाई." मला राग आला, पण तिचं म्हणणं खोडता येईना. दुसऱ्या दिवशी चित्रकला स्पर्धा. सगळ्या कागदांवर वाघ. मुली ज्या खिडकीशी बसून हे वाघ रंगवायच्या, तिच्या बाहेर मैदानातलं चिंचेचं झाड होतं आणि त्याच्या ढोलीत पिंगळ्यांची जोडी राहायची. कबुतराहून लहान घुबडं, पिवळ्या डोळ्यांची, दुपारी ढोलीच्या तोंडाशी ऊन खात बसलेली. त्यांचं चित्र एकीनेही कधी काढलं नाही. घुबड काढून बक्षीस मिळतं का कुठे?

माझा त्या जोडीवर जीव होता. मधल्या सुट्टीतला डबा मी त्याच खिडकीत खायचे.

चिंचा पाडायला मुली सर्रास दगड मारत, पण ढोलीच्या बाजूला एकही दगड जात नसे. त्याचं कारण आमच्या शिपाई मावशी. त्या विश्रांतवाडीपलीकडच्या, शहराने गिळलेल्या एका गावातल्या. पाचवीत नव्या आलेल्या मुलींना त्या झाडाखाली उभं करून सांगायच्या, "त्याला धोंडा मारू नगा, पोरींनो. त्यो धोंडा झेलतो आन् नदीत नेऊन टाकतो. पान्यानं धोंडा झिजतो, तसं मारणारं मानूस बी झिजत जातं." हे ऐकलं की माझं तोंड वाकडं व्हायचं. विज्ञान शिकवणाऱ्या शाळेत हे काय, असं मी त्यांना एकदा सुनावलंही होतं. मावशी म्हणाल्या, "आसंल बाई," आणि झाडू मारायला निघून गेल्या.

त्या वर्षी मी ठरवलं, नुसते वाघ पुरे झाले. चित्रकला स्पर्धेच्या जोडीला व्याख्यान ठेवलं आणि स्वतःच बोलायला उभी राहिले. विषय, प्राण्यांविषयीचे गैरसमज. साप दूध पीत नाही, साप डूख धरत नाही, आणि हो, पिंगळा दगडबिगड काही झेलत नाही, त्याला दगड मारल्याने कुणी झिजत नाही. "कुणी सांगितलं म्हणून मानू नका, स्वतः करून बघा," असं म्हणून मी समारोप केला. पाहुण्यांनी शाल-श्रीफळ घेतलं आणि माझ्या वैज्ञानिक दृष्टीचं कौतुक केलं. मुलींनी टाळ्या वाजवल्या. मावशी दाराशी उभ्या होत्या, त्यांनी नाही वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी डबा उघडला आणि बाहेर एकदम शांतता झाली. खाली गेले तर चिंचेखाली मुलींचं कडं. मधे एक पिंगळा पडलेला, मान लुळी. शेजारी सातवीतली एक मुलगी उभी होती, वर्गात नेहमी पहिली येणारी. आदल्याच दिवशी वाघाच्या चित्राला तिला बक्षीस मिळालं होतं.

"बाई, मी प्रयोग केला," ती म्हणाली. "तुम्हीच म्हणालात ना, करून बघा." मग तिने स्वतःचे हात उलटसुलट करून पाहिले. "मी झिजणार नाही ना?"

मी म्हणाले, "नाही." शास्त्राप्रमाणे उत्तर बरोबर होतं. तिला रागवणार तरी कशी? माझेच शब्द तिने पाळले होते. दगड मारू नका, त्यालाही लागतं, एवढं साधं वाक्य माझ्या तासाभराच्या व्याख्यानात नव्हतं. मावशींनी पिंगळा वर्तमानपत्रात गुंडाळला आणि मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. संध्याकाळी मला अहवाल लिहायचा होता. "सप्ताह उत्साहात पार पडला, विद्यार्थिनींमध्ये जागृती झाली," असं मी लिहिलं आणि सही केली. त्या सहीची मला अजून चीड येते.

ढोलीत एक पिंगळा उरला. वर्षभर तो एकटाच बसायचा. पावसाळ्यानंतर त्याच्याजवळ दुसरा दिसायला लागला. तेवढ्यात परिपत्रक आलं.

या खेपेला व्याख्यानात मी सापापाशीच थांबले, पिंगळ्याचं नाव काढलं नाही. शेवटी पाचवीतल्या एका मुलीने हात वर केला. "बाई, मावशी म्हणतात तो धोंडा खरंच झिजतो?"

सगळ्या मुली माझ्याकडे बघत होत्या. पाहुणे हसून माझ्या उत्तराची वाट बघत होते. दगड मारू नका, त्यालाही लागतं, हे मी सांगितलं. पण तिचा प्रश्न तो नव्हता, आणि तिने हात खाली घेतला नाही. खिडकीतून ढोली दिसत होती.

"ते मावशींना विचार," मी म्हणाले. "त्यांना जास्त माहीत आहे."