वांगी रंगाची गाडी आणि बरुआसागरचं ऊन

गाडीचा फोटो काढायचा तर तो सकाळच्या पहिल्या उन्हात काढावा, हे माझं मत मी झाशीत इतक्या जणांना ऐकवलंय की आमच्या यार्डाचे मालक मला लांबून बघूनच हात जोडतात. यार्ड म्हणजे जुन्या गाड्यांच्या विक्रीचं मैदान. तिथे विकायला आलेल्या प्रत्येक गाडीचे फोटो काढणं हे माझं काम. मालकांना सगळे भाईसाब म्हणतात, मीही म्हणते. गिऱ्हाईक हल्ली आधी मोबाईलवर गाडी बघतं आणि मग यायचं की नाही ते ठरवतं, म्हणून माझ्या फोटोंवर सगळा धंदा उभा आहे असं मी मानते. भाईसाब मानत नव्हते. त्यांनी मागच्या गोदामात फोटो काढायचा बूथ बांधला.

खोटं कशाला बोलू, पहिल्या दिवशी मी त्या बूथमध्ये नाचले होते. पांढऱ्याशुभ्र भिंती, कोपरे गोल केलेले, वर दिव्यांचं अख्खं छत आणि मधोमध फिरणारी तबकडी. गाडी चढवायची, बटण दाबायचं, गाडी आपणहून गोल फिरते. जेठातल्या गरम वाऱ्याची लू नाही, पौषातलं धुकं नाही, चौकटीत मध्येच येऊन उभी राहणारी गाय नाही. त्याआधी मी चांगली सावली शोधत कुठेकुठे भटकायचे. एकदा लष्करी छावणीतल्या चिंचेच्या झाडांखाली गाडी लावून कॅमेरा काढला, तर पहारेकऱ्याने दोन मिनिटांत माझी वरात काढली. बरोबरच होतं त्याचं, फोटोबंदीची पाटी मोठी होती, मीच वाचली नव्हती.

पांढऱ्या गाड्या बूथमध्ये झकास यायच्या, आणि झाशीत निम्म्या गाड्या पांढऱ्याच. त्यामुळे माझं मत मी गिळून टाकलं होतं. मग बाबांची गाडी विकायला निघाली.

बाबा रेल्वेत इंजिन चालवायचे. सिग्नलचा रंग ओळखण्यावर त्यांची सगळी नोकरी, दर काही वर्षांनी डोळ्यांची परीक्षा, आणि एकदाही ते त्यात अडकले नाहीत. याचा त्यांना इतका अभिमान की घरात साडीच्या रंगावरून वाद झाला तरी म्हणायचे, "माझे डोळे रेल्वेने पास केलेत." निवृत्तीनंतर क्वार्टर सोडून आम्ही ओरछा गेटच्या एका बोळात घर घेतलं आणि बाबांनी त्यांची पहिली गाडी घेतली. कंपनीच्या कागदावर तिच्या रंगाचं काहीतरी भारदस्त नाव होतं. आईने बघताक्षणी "वांगी" म्हटलं आणि तेच नाव पडलं.

दोन वर्षांपूर्वी बाबांना काचबिंदू निघाला. डाव्या डोळ्याची कडेची नजर तोवर गेलेली होती. गेलेलं परत येणार नाही, आहे ते राखायचं, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आणि थेंब दिले. सकाळ-संध्याकाळ, जन्मभर, एक वेळही चुकवायची नाही. बाबांनी त्याच दिवशी गाडीची किल्ली आईकडे दिली. गाडी गल्लीच्या तोंडाशी एका पत्र्याच्या शेडमध्ये, खोळीखाली गेली. या जानेवारीत ते एकदाचे म्हणाले, "विकून टाक. पण फोटोत जशी आहे तशी दिसू दे. नटवू नको, झाकू नको."

त्या आठवड्यात झाशीत असं धुकं की समोरच्या घराचा दरवाजा दिसेना. बाहेर फोटो काढायचा प्रश्नच नव्हता. मी गाडी यार्डात नेली, बूथमध्ये चढवली, बटण दाबलं आणि संध्याकाळी ऐटीत बाबांच्या हातात मोबाईल दिला.

त्यांनी फोटो जवळ धरला, लांब धरला. एक डोळा झाकला, मग दुसरा.

"काळी दिसतेय," ते म्हणाले.

"अहो बाबा, काळीच आलीय. मलाही काळीच दिसते."

"बरं," ते म्हणाले आणि मोबाईल परत दिला.

त्या "बरं"चा अर्थ मला दुसऱ्या दिवशी आईकडून कळला. बाबांनी थेंब बंद केले होते. "म्हणतात, ज्याचे रंगच गेले त्याने आता राखायचं काय? आणि फोटोच काळा आलाय असं सांगून आपण दोघी त्यांची समजूत काढतोय म्हणे," आई म्हणाली. खिडकीबाहेर बघावं तर सगळं राखाडी. त्यांना खोटं पाडायला बाहेर एक लाल पतंगसुद्धा दिसत नव्हता.

मला राग आला. आधी बाबांचा, मग बूथचा, मग माझाच. त्या रंगात बारीक चमक असते, ती थेट उन्हातच उघडते, सगळीकडून सारख्या पडणाऱ्या पांढऱ्या उजेडात मरून जाते, हे मला पक्कं माहीत होतं. तरी मी बटण दाबून मोकळी झाले होते.

मी भाईसाबांकडे एका सकाळपुरती गाडी मागितली.

"अरे मोड़ी, जो बूथ काए के लाने बनवाओ हमने?" ते म्हणाले. पोरी, मग हा बूथ बांधला कशासाठी, असं त्यांचं म्हणणं.

"गाड़ी का रंग ही नहीं आया, भाईसाब."

"रंग का क्या है, लिख देंगे." मग माझ्या तोंडाकडे बघून नरमले. "अच्छा, ले जाओ. बाप की गाड़ी है तुम्हारी. पर सोमवार को फोटो चाहिए हमें."

रविवारी ऊन पडेल असं मोबाईल सांगत होता. तोवर थेंब चुकल्याचे चार दिवस होणार होते. शनिवारी संध्याकाळी गाडी शेडमध्ये आणून ठेवली आणि बाबांना म्हटलं, बरुआसागरला जायचंय, तलावाच्या बांधावर, मला रस्ता नीट आठवत नाही, तुम्ही चला. साफ थाप होती. पण रस्ता सांगायचं काम दिलं की बाबा नाही म्हणत नाहीत.

पहाटे गाडीत बसले तर आत चंपी केल्यासारखा वास. मी इतक्या गडबडीत होते की विचारलं नाही. आई मागे, तिच्याकडे थर्मास आणि पोह्यांचा डबा, पुढे मफलर गुंडाळलेले बाबा. धुकं खरोखरच विरळ होत होतं. मला इतका आनंद झाला की मी गाणं म्हणायला लागले, आणि आईने मला गप्प बसवलं.

बांधावर पोचलो, उतरले, गाडीकडे बघितलं आणि ओरडलेच. अख्ख्या गाडीवर धुळीचा जाड थर, सगळीकडे सारखा. वांग्याचा काप पिठात घोळून ठेवावा तशी ती दिसत होती.

"हे काय झालं?"

"काल जरा तेल लावलं," बाबा म्हणाले. "खोबरेल. चमकावी म्हणून."

आता सांगते, आमचं घराणं कोकणातलं. बाबांचा जन्म इकडचा, पण खोबरेल तेलावरची श्रद्धा तिकडचीच. केस, टाच, कुलूप, शिवणयंत्र, सगळ्याला तेच. संध्याकाळी शेडच्या अंधारात बसून त्यांनी गाडीला पायापासून डोक्यापर्यंत तेल चोळलं होतं, आणि पुढे खडी-गिट्टीच्या ट्रकांनी भरलेल्या रस्त्यावरची धूळ त्यावर आम्ही गोळा करत आलो होतो.

"दिसत नाही मला, पण हाताला तर कळते ना गाडी," ते म्हणाले.

पूर्वेला तांबडं फुटलं होतं. ऊन एकदा वर चढलं की गाडीचं छत पांढरं आणि दारं काळी, मग कितीही बटणं दाबा. मी पळत बसच्या थांब्यावर गेले. चहाच्या टपरीवर शाम्पूच्या पुड्यांची माळ टांगलेली होती, ती अख्खी घेतली.

"इत्ते में तो पूरी बरात नहा ले," टपरीवाले काका म्हणाले आणि वर बादलीही दिली.

आईने पदर खोचला. मी तलावातून पाणी आणत होते, ती चोळत होती, शाम्पूचा फेस बांधावरून वाहत होता, आणि मला हसूही येत होतं आणि रडूही. बाबा एका दगडावर गाडीकडे पाठ करून बसले होते. मदतीला आले नाहीत, बघायलाही नाही. शेवटची बादली ओतली, आईच्या जुन्या साडीच्या तुकड्याने गाडी पुसली, आणि तलावापलीकडून ऊन आलं.

काय सांगू! बोनेटवर आधी एक जांभळी रेघ उठली, मग ती पसरली, मग सगळी गाडी आतून उजळली. कोवळं वांगं देठाजवळ जसं दिसतं ना, तोच रंग. ऊन पाठीशी घेऊन मी फोटो काढत सुटले. दारात माझंच प्रतिबिंब येत होतं म्हणून खाली बसले, चिखलात गुडघे टेकले, पुन्हा उठले. "आई, बघ! आई, हे बघ!" असं मी किती वेळा ओरडले असेन.

"अहो, इकडे या," आई म्हणाली. "तुमची लेक वेडी झालीय."

बाबा उठले. सावकाश आले. त्यांनी रंगाचं नाव घेतलं असतं तरी मला खात्री वाटली नसती, नाव तर पाठच होतं त्यांना. त्यांनी बोनेटवर हात ठेवला, कडेने चालत गेले आणि मागच्या दारापाशी थांबले.

"हे दार असं का?"

"कसं?"

"लालसर आहे. बाकीच्या गाडीसारखं नाही."

मी बघितलं. मला काही दिसेना. कॅमेऱ्यातला फोटो मोठा केला, शेजारच्या दाराशी ताडून बघितला. होतं. जेमतेम एक छटा, पण होतं.

बाबा आईकडे न बघता म्हणाले, "गाडी घेतली त्याच वर्षी खांबाला लागली होती. तू माहेरी गेलेलीस. रंगवून घेतलं. इतका बेमालूम रंग लावलाय म्हणून त्या माणसाला मी बक्षीसही दिलं होतं." मग त्या दाराकडे पुन्हा वाकून बघत म्हणाले, "इतक्या वर्षांत मला फरक दिसला नाही. आज दिसतोय."

"सिग्नल कधी चुकवला नाही, आणि खांबाला जाऊन धडकले," आई म्हणाली.

"त्याचाही फोटो काढ," बाबा मला म्हणाले. "खाली लिही, दार पुन्हा रंगवलेलं आहे."

मी काढला. पुढे बरुआसागरच्याच एका मास्तरांनी गाडी घेतली. ते यार्डात आले तेव्हा आधी त्या दारापाशीच गेले, बघून हसले आणि म्हणाले, "फोटू में जैसी हती, वैसई है." भाईसाब आता गडद रंगाच्या गाड्या मला बाहेर नेऊ देतात. पांढऱ्या बूथमध्येच जातात, आणि ते ठीकच आहे.

पण त्या सकाळी विक्री माझ्या डोक्यातही नव्हती. बाबा दाराला टेकून उभे होते. थोड्या वेळाने आईला म्हणाले, "थेंब घरीच राहिले असतील."

आईने पर्स उघडून बाटली काढली. चारही दिवस ती पर्समध्येच घेऊन फिरत होती.

बाबांनी चष्मा माझ्या हातात दिला आणि मान वर केली. आईने एका हाताने त्यांची पापणी धरली.

"हलू नका हो."

"हलत नाहीये गं," बाबा म्हणाले. "ऊन येतंय डोळ्यांवर."