एंग आन्टीचा डोळा

सिंगापूरच्या तोआ पायो वस्तीतल्या आमच्या ब्लॉकमध्ये एंग आन्टीला कुणी फसवलंय असं ऐकिवात नाही. जन्मभर बाजारात मासे विकले. गिऱ्हाईक पापलेटाचं पोट दाबायला लागलं की ती त्याचा हात झटकायची. "पोट काय चेपतोस? डोळा बघ. डोळा खोटं बोलत नाही."

संशय तिच्या रक्तातच होता. देवळाबाहेरच्या ज्योतिषाकडे गेली, तर आधी धाकट्या बहिणीची, चूची, जन्मवेळ स्वतःची म्हणून सांगायची. तो धडाधड बोलायला लागला की म्हणायची, "ही वेळ माझी नव्हेच," आणि दक्षिणा न देता उठायची. असे किती ज्योतिषी तिनं उठवले, त्याची गणतीच नाही.

मग इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, जिथं आमच्याकडे लग्नंही होतात आणि मयतंही ठेवतात, डोळ्यांच्या तपासणीचं शिबिर लागलं. डोळ्याच्या आतल्या रक्तवाहिन्यांचा फोटो काढायचा आणि मेंदूला झटका यायची भीती कितपत आहे ते त्यावरून सांगायचं. वर तांदळाची पिशवी फुकट.

"फुकट?" आन्टीनं कान टवकारले. "म्हणजे नक्की काहीतरी विकायचंय. आधी घाबरवतील, मग गोळ्या गळ्यात मारतील."

"माशाचा डोळा बघतेस ना तू?" मी चिडवलं.

"मेलेल्याचा बघते. जित्याच्या डोळ्यात बघून अभद्र बोलतो तो भामटा."

तिनं नेहमीचाच डाव टाकला. स्वतःचं ओळखपत्र देऊन चूला पाठवलं. दोघी एका साच्यातल्या, ओळखपत्रावरचा फोटो जुना, कुणाला संशय आला नाही. चू म्हणजे रोज पोहणारी, सकाळी खाली गाणी लावून नाचणारी बाई. कुठल्या डॉक्टरचं तोंड तिनं वर्षानुवर्षं पाहिलं नव्हतं, आणि याचा तिला कोण अभिमान.

निकालाला आन्टी स्वतः गेली, सोबत मला नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. पडद्यावर नारिंगी गोळा, त्यात लाल फांद्या. त्या म्हणाल्या, "आन्टी, या वाहिन्या फार अरुंद झाल्यात. इथं रक्ताचे ठिपके आहेत. रक्तदाब बरीच वर्षं वाढलेला असणार. मेंदूतही असंच असण्याची भीती आहे. आजच उपचार सुरू करू या."

आन्टीनं मान डोलावली, उद्या येते म्हणाली आणि बाहेर पडली. कॉफीच्या दुकानात बसल्यावर मात्र तिला हसू आवरेना. "पकडलं की नाही? मला सांगते तुझ्या वाहिन्या अरुंद. अगं, तो डोळा माझा नव्हताच."

मी कप खाली ठेवला. "मग कुणाचा होता, आन्टी?"

तिचं हसू तोंडावरच राहिलं. करायला गेली एक, आणि झालं भलतंच. तिनं टोस्ट तसाच टाकला आणि चूच्या घराकडे निघाली. इतकी भराभर चालताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

चूनं सगळं ऐकून घेतलं आणि खांदे उडवले. "ओळखपत्र तुझं, नाव तुझं, तर भविष्यही तुझंच. मी नुसती खुर्चीत बसले, ताची." थोरलीला ती ताचीच म्हणायची.

दुसऱ्या दिवशी आन्टीनं तिला मनगट धरून डॉक्टरीणबाईंसमोर उभं केलं. "हा डोळा हिचा. मी तुम्हाला फसवलं," ती म्हणाली. आयुष्यात कुणापुढे न नमलेली बाई, पण मान खाली घालून उभी राहिली. चूचा रक्तदाब मोजला. बाईंनी पुन्हा मोजला. मग एक गोळी आणि पाण्याचा पेला चूपुढे ठेवला.

चूनं हाताची घडी घातली. "जन्मभर हिनं सांगितलं, कुणावर विश्वास ठेवू नकोस. आता माझ्यावर आलं तर लगेच विश्वास? ताची त्या खुर्चीत बसली तर मी गिळीन."

"मला काय धाड भरलीय?"

"मलाही नाही भरलेली."

आन्टीनं खुर्चीकडे पाहिलं, मग चूकडे. मला वाटलं, आता पाठ फिरवून चालू लागेल. पण ती मुकाट्यानं बसली आणि यंत्राच्या टेकूवर हनुवटी ठेवली. लख्ख प्रकाश पडला, एकदा उजव्या डोळ्यावर, एकदा डाव्या.

"गिळली," मागून चू म्हणाली.

"जीभ दाखव." आन्टीचे डोळे गळत होते. तिला समोरचं काही दिसत नव्हतं. तिनं चाचपडत माझा हात धरला. "अगं, दाखवतेय का ती?"

जिभेवर काही नव्हतं. चूच्या हातातला पेलाही रिकामा होता.

"दाखवतेय," मी म्हटलं. "गिळलीय गोळी."

आन्टीनं पुन्हा विचारलं नाही.