हरिदासची पाण्याची वाटी

नागपूर-हिंगणघाट हायवेवर जाम गावच्या चौरस्त्यावर उतरलात की टायरांची एक काळी उतरंड दिसेल. तिच्यामागे हरिदासचं दुकान आहे. हरिदास साठीला टेकलाय. बुटका, रुंद, बोलणं कमी, आणि मान कायमची डावीकडे कललेली. ती मान माझ्यामुळे कलली असं तो सांगायचा. मी म्हणायची, ट्रकच्या टायरांमुळे. तीस वर्षं आमचा हा वाद चालला आणि दोघांनाही तो मिटवायचा नव्हता.

तेव्हा मी नाटकांतून राण्या करायची. आमच्या मंडळीच्या मेटॅडोरवर हरिदास ड्रायव्हर होता. एका गावी माझा रथातला प्रवेश होता. रथ प्लायवूडचा, पण चाकं खऱ्या बैलबंडीची. भाषणाच्या दुसऱ्याच वाक्याला डाव्या चाकाची खीळ निघाली आणि सिंहासनासकट मी कलू लागले. तेवढ्यात रथ पुन्हा सरळ झाला. हरिदास मागून सरपटत आत शिरला होता आणि त्याने आस खांद्यावर तोलून धरली होती. मला ते कळलं होतं, हे आज कबूल करते. पण टाळ्या पडत होत्या, म्हणून मी भाषण लांबवलं. चांगली दहा मिनिटं लांबवलं! पडदा पडल्यावर तो मान चोळत बाहेर आला आणि म्हणाला, "राणीसाहेब, येक तं भाषण कमी करा, नाई तं चाक मले बसवू द्या."

पुढे मंडळी बंद पडली. माझे मुकुट ट्रंकेत गेले आणि हरिदासने जामला टायरचं दुकान टाकलं. चाक नीट बसलं की नाही हे पाहायची त्याची पद्धत त्याची स्वतःचीच. गाडीच्या डॅशबोर्डवर फडकं अंथरायचं, त्यावर कणकेचा गोळा, गोळ्यात स्टीलची वाटी रोवायची आणि तीत पाणी. मग हायवेवर हळूहळू वेग वाढवायचा आणि एका चालीवर गाडी ठेवायची. पाणी गप्प राहिलं तर गाडी पास. पाण्यावर तरंगांच्या कड्या उठल्या तर सगळी चाकं पुन्हा खाली.

ट्रकवाले अलीकडे कमी थांबतात. टायर बिनट्यूबचे झाले, पंक्चर कमी झालं. म्हणून त्याची मुलगी मेघा नागपूरला काम शिकून आली, चाकाचा तोल पाहायचं यंत्र घेऊन आली आणि बोर्डही रंगवून आली: 'येथे कारचे अलॉय व्हील बसवून मिळतील'. हरिदासने तो बोर्ड भिंतीकडे तोंड करून ठेवला.

"काऊन बाबा? रंग वाईट आहे का?"

"रंग चांगला आहे. पन पयली गाडी वाटीत पास होऊ दे. त्याच्या आंधी जगाले सांगू नोको."

दोन महिने बोर्ड भिंतीशीच बोलत राहिला.

मग एका रविवारी ऋग्वेद आला. पिपरी मेघे गावचा मुलगा, पुण्याला नोकरी करतो. गाडी निळी, बुटकी, जमिनीला कान लावून बसल्यासारखी. मागच्या सीटवर चार नवी चाकं पोत्यांत गुंडाळलेली. कंपनीच्या चाकांपेक्षा मोठी, आरशासारखी चकाकणारी. म्हणाला, "काका, आमचा गाडीवाल्यांचा ग्रुप आहे. सगळे म्हणत होते, हे काम नागपूरलाच कर. मी म्हटलं, जामला एक माणूस आहे. नीट झालं तर मागून सहा गाड्या येतील. नाही झालं तर…" त्याने मोबाइल हलवून दाखवला. नाही झालं तर तेही ग्रुपवर जाणार होतं.

मेघाने मला आदल्या दिवशीच फोन केला होता, "मावशी, उद्या येजो. बाबा रात्रभर झोपनार नाईत." म्हणून मी समुद्रपूरहून सकाळच्या एस.टी.ने ताट घेऊन आले होते. कुंकू, हळद, अक्षता, फुलं, निरांजन. नवं चाक ओवाळल्याशिवाय रस्त्यावर उतरतं होय?

हरिदासचं काम पाहावं. गाडी जॅकवर चढली, जुनी चाकं उतरली. चाक ज्या लोखंडी तबकडीवर बसतं तो हब त्याने तारेच्या ब्रशने घासला, पुसला, पुन्हा घासला. "चाक आन हब, याच्यात कागदबी राह्यला नाई पाह्यजे," तो ऋग्वेदला सांगत होता. "कागद राह्यला तं चाक नाचते." मग नव्या चाकाच्या मधल्या भोकात प्लास्टिकची कडी बसवली, कारण ते भोक हबपेक्षा मोठं होतं. मेघाने एकेक चाक यंत्रावर फिरवून तोल पाहिला.

"आता माझा प्रवेश," मी म्हटलं आणि ताट घेऊन पुढे झाले.

ऋग्वेद मध्ये आडवा आला. "आजी, पुढून नको ना! पॉलिश आहे. हळदीचा डाग जात नाही."

"बरं बाबा, मागून काढते. देवाले मागचंबी दिसते."

तीन चाकांना मागून कुंकवाचं बोट लावलं. पण डाव्या पुढच्या चाकावर जीव ओतला. कुंकू पाण्यात कालवून मधल्या भोकाला लागून घसघशीत स्वस्तिक काढलं आणि ओल्या कुंकवावर मूठभर अक्षता वाहिल्या. हरिदासने ते चाक उचललं, पालथं करून पाहिलं. खांद्यावरचं फडकं त्याच्या हातात आलं. क्षणभर थांबलं. पुन्हा खांद्यावर गेलं. त्याने चाकाला नमस्कार केला, झटकून वरवरचे तांदूळ पाडले आणि चाक चढवलं. मला भरून आलं. म्हटलं, काय भक्ती आहे!

नट आडव्यातिडव्या क्रमाने आवळले, वाटी रोवली गेली. ऋग्वेद चालवायला, मी परीक्षक म्हणून त्याच्या शेजारी, हरिदास आणि मेघा मागे. हिंगणघाटच्या दिशेने निघालो. साठला पाणी गप्प. सत्तरला गप्प. मेघाने मागून माझा खांदा दाबला. ऐंशीला पाण्यावर एक कडी उठली. मग दुसरी. मग स्टिअरिंग कुडकुडायला लागलं आणि वाटीतला थेंब उडून माझ्या चष्म्यावर आला.

 परत आल्यावर ऋग्वेद हळूच म्हणाला, "काका, तुमचा काही दोष नाही. मी नागपूरलाच बघतो." माणूस चांगला होता, म्हणून ते जास्त लागलं.

"येक घंटा दे," हरिदास म्हणाला.

त्याने सगळं पाहिलं. नट पाहिले, हवा पाहिली, टायरवरचे बाण पाहिले. उजवं पुढचं चाक काढून लावलं, मागची दोन्ही काढून लावली. डाव्या पुढच्या चाकापाशी तो तीनदा गेला आणि तिन्ही वेळा गुडघ्यावर बसून उठला.

आता मी रंगभूमीवर पस्तीस वर्षं काढली आहेत. शोधणारा माणूस कसा दिसतो आणि शोधायचं सोंग करणारा कसा दिसतो, हे मला अंधारातही ओळखता येतं. हरिदासला नटाचं कसब मुळीच नाही. तो शोधत नव्हता. त्याला सापडलं होतं.

मेघा धुमसत होती. "बाबा, ते चाक काऊन नाई काढून राह्यले?"

"ते बरोबर आहे."

"पाह्यल्याबिगर कसं बरोबर?"

"तू चूप बस."

आणि त्याने चोरून माझ्याकडे पाहिलं. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कागदबी राह्यला नाई पाह्यजे! आणि मी तर त्या चाकाच्या पाठीला तांदूळ चिकटवले होते. माझं स्वस्तिक पुसायचं कसं म्हणून या माणसाने आपला नियम मोडला, आणि आता माझी चूक झाकायला आपला बोर्ड भिंतीकडे ठेवायला निघाला होता. पुन्हा एकदा तो माझ्या रथाखाली शिरला होता आणि मी वर बसून टाळ्या घेत होते.

मी पदर खोचला. "हरिदास! काढ ते चाक."

"राणीसाहेब, राहू द्या ना…"

"दहा मिनटं तुह्या मानेवर बसली होती, तवा मले समजलं होतं. आज नाई बसनार. काढ म्हनते!"

हरिदासने माझ्याकडे असं पाहिलं, की तीस वर्षांचा वाद तिथेच निकालात निघाला. "म्हंजे तुमाले मालूम होतं?"

"चाक काढ आंधी. भांडन मंग."

चाक उतरलं. स्वस्तिक होतं तिथे कुंकू वाळून खपली झाली होती आणि तिच्यात तांदळाचे तीन दाणे चपटे होऊन बसले होते. फडकं तो मला देईना. मीच ओढून घेतलं, ओलं केलं आणि माझ्या हाताने ते चाक पुसलं, कुंकवाचा कणही राहू दिला नाही. हबही पुसला. मेघाने बोट फिरवून पाहिलं आणि मान हलवली. बाकी तिन्ही चाकांची कुंकवाची बोटंही पुसून झाली.

ऋग्वेद हे सगळं बघत उभा होता. "म्हणजे तांदळाने गाडी हलत होती?"

"तांदूळ लहान नसते," हरिदास म्हणाला.

पुन्हा निघालो. साठ, सत्तर, ऐंशी. पाणी गप्प. नव्वदला ऋग्वेदने स्टिअरिंगवरची बोटं सैल केली. वाटीत गाडीचं छत दिसत होतं, सरळ, न मोडता. मागच्या सीटवर हरिदास डोळे मिटून बसला होता. "राणीसाहेब, पानी काय म्हनते?"

"पानी झोपलं आहे," मी म्हटलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझं भाषण तीन शब्दांत आटोपलं.

बोर्ड हरिदासने स्वतः उचलला आणि रस्त्याकडे तोंड करून टांगला. तिसऱ्या रविवारी पहिल्या दोन गाड्या आल्या. मीही ताट घेऊन गेले. मेघाने मला दारातच थांबवून बोर्ड दाखवला. खाली तिने नवी ओळ रंगवली होती: 'पूजा फक्त स्टेपनीची'.

मी डिकी उघडायला लावली आणि आत पडलेल्या त्या बिचाऱ्या पाचव्या चाकाला मनसोक्त कुंकू लावलं. अक्षता वाहिल्या, निरांजन ओवाळलं. तेवढ्यात मागून आवाज आला.

"राणीसाहेब, तेबी येकाद दिवशी लागते बरं! तांदूळ जरा कमी."