अडीचा माड

गेल्या वर्षी सुकेळी खाताना माझा पुढचा दात गेला. सुकेळी म्हणजे आमच्याकडची वाळवलेली राजेळी केळी, मधासारखी गोड आणि पाकासारखी चिकट. नंदाखालहून नणंदेने पाठवली होती. मी एक घास तोडला, उरलेला तुकडा बघते तर त्यात पांढरं काहीतरी उभं. वाटलं, खोबरं चिकटलं असेल. मग जिभेला वरच्या ओळीत खिडकी लागली, तेव्हा कळलं की ते खोबरं माझ्याच तोंडातलं आहे.

आता ह्या दाताची गोष्ट सांगायची तर आधी माडाची सांगायला हवी, त्याशिवाय तुम्हाला काही समजायचं नाही.

मी घाटावरची. लग्न होऊन वसईजवळ निर्मळला आले तेव्हा सासूबाईंनी मला वाडी फिरवून दाखवली. ही केळी, हा मोगरा, हे अळू, इथे पाय जपून टाक. विहिरीपाशी आल्यावर त्यांनी एका माडाला हात लावला आणि म्हणाल्या, हा अडीचा माड, ह्याचा नारळ घरात आणायचा नाय. मी ऐकलं ‘अडीच’. अडीच माड. नवी नवरी, विचारायची सोय नाही. मी आपली चार दिवस पाणी काढताना मान वर करून शोधत होते की दोन कुठले आणि अर्धा कुठला. वीज पडून एखादा अर्धा झाला असेल, असंही मनाशी ठरवलं. पाचव्या दिवशी हळूच नणंदेला विचारलं, ती तेव्हा शाळेत जायची. ती जी हसत घरात पळाली ती अजून थांबलेली नाही. आता ती स्वतः आजी झाली, तरी फोन केला की पहिलं वाक्य तेच, “वहिनी, अर्धा माड सापडला का?”

सासूबाईंनी मग मला बसवून नीट सांगितलं. अडीचा म्हणजे अडीनडीचा. घर म्हटलं की काहीतरी न सांगता दारात येतंच, आणि जे न सांगता येतं त्याच्यासाठी एक माड वेगळा काढलेला बरा. हा त्यांच्या सासूने काढला होता, विहिरीच्या कडेचा, कारण त्याला पाणी कधी कमी पडत नाही. त्याचे नारळ वेगळे उतरवायचे, वेगळे विकायचे. नारळी पौर्णिमा असो की घरात लग्न, त्यातला एक नारळ चुलीपर्यंत यायचा नाही. आलेले पैसे भाताच्या कोठीत तळाशी, पत्र्याच्या डब्यात. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे ते मोजायचे नाहीत.

मी म्हटलं, मोजले तर काय होतं?

“मोजले की त्यांना काम सुचतं, बाय,” त्या म्हणाल्या.

हे मी पुढे इतकी वर्षं खरं होताना पाहिलं. माझ्या माहेरी पै-पैचा हिशेब असायचा आणि महिनाअखेर काही उरायचं नाही. पन्नास आहेत म्हटलं की पन्नासाची गरज दारात उभी. इथे किती आहेत हेच कुणाला ठाऊक नाही, तर गरज तरी कशावर उभी राहणार? वादळात अर्ध्या घराची कौलं गेली तेव्हा डबा निघाला. सासऱ्यांचा पाय मोडला तेव्हा निघाला. दर वेळी मी श्वास रोखून उभी, की आता काही पुरत नाहीत, आणि दर वेळी पुरले. कसे पुरले ते मला अजून कळलेलं नाही. एक झाड हो. थोडं पाण्याकडे वाकलेलं, चारचौघांसारखं. आपण खाली भांडत असतो, झोपलेले असतो, आणि ते एकटं जमिनीतलं पाणी तेवढं उंच चढवत असतं. अजून पडायच्या कौलांची सोय आधीच वर आभाळात लटकलेली. पाणी शेंदताना ते मनात आलं की माझ्या अंगावर काटा यायचा.

पुढे डब्याच्या जागी बँकेतलं खातं आलं. नियम तोच. सासूबाई पैसे भरून यायच्या, पण पासबुक छापून आणायच्या नाहीत. खिडकीतला माणूस म्हणायचा, आजी, द्या छापून देतो, की त्या पासबुक पदराखाली घ्यायच्या. त्या गेल्या, मग मी तसंच करत आले.

तर दात. सून मला दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरीणबाई माझ्या लेकीपेक्षा लहान. तिने मला एका यंत्रात उभं केलं, हनुवटी टेकवली, हलू नका म्हणाली, आणि ते यंत्र माझ्या डोक्याभोवती प्रदक्षिणा घालून गेलं. जन्मात मला कुणी प्रदक्षिणा घातली नव्हती. मग पडद्यावर माझं तोंड आलं, ह्या कानापासून त्या कानापर्यंत उघडं. ज्या तोंडाने पासष्ट वर्षं खाल्लं, भांडले, पोरं निजवली, ते मी पहिल्यांदा आतून बघत होते. दाताची मुळं एवढी लांब असतात हे मला माहीत नव्हतं. वर दिसतं ते नखाएवढं, बाकी सगळं खाली, गप्प.

ती म्हणाली, शेजारचाही हलतोय, तो काढावा लागेल. एक तर कवळी, नाहीतर हाडात स्क्रू बसवून त्यावर पक्के दात. मी विचारलं, म्हाताऱ्या हाडात स्क्रू धरतो कसा?

“आपण नाही धरवत, आजी. हाडच वाढून त्याला धरतं. तीन-चार महिने त्याला त्रास द्यायचा नाही, एवढंच आपलं काम.”

मी त्या पडद्याकडे बघतच राहिले. म्हणजे रोपासारखंच की. लावायचं आणि हलवायचं नाही. आणि माझ्या ह्या हाडाला अजून ठाऊक आहे, आलेल्याला कसं धरून ठेवायचं ते. मग तिने खर्च सांगितला, आणि कळवते म्हणून मी उठले. हलणारा तेवढा त्या दिवशी काढून आले.

त्याच आठवड्यात विहिरीची मोटर जळली. झालं, माझं मनातल्या मनात ठरलं. मोटर ही अडी, दात ही हौस. वाडीला पाणी नाही तर घराला काय, आणि ह्या वयात बाईला पुढचे दात कशाला, फोटो काढायचेत? कवळीसुद्धा नको म्हटलं. मऊ भात खाऊ लागले.

पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. दातांबरोबर माझा ‘स’ गेला. सुनेला हाक मारायला जावं तर शीळ वाजायची. नात सहा वर्षांची, तिचेही पुढचे दोन पडलेले. आम्ही दोघी समोरासमोर बसलो की आरसाच. ती मला समजावायची, आजी, माझे येणार आहेत, तुझे नाही येणार. खरंच होतं ते. हळूहळू मी बोलणं कमी केलं. पदर तोंडावर गेला. नणंदेचा फोन आला की खुणेनेच ह्यांच्याकडे द्यायची. मला ओळखणाऱ्यांना कळेल हे काय झालं ते. मी मीठ आणायला बाजारात गेले तर मीठ विसरून तीन घरांच्या बातम्या आणणारी बाई.

आमच्या ह्यांना पहिले काही दिवस बरंच वाटलं असणार. मग एका दुपारी जेवताना म्हणाले, घरात कुणी वारलंय काय? मी मान हलवली. ते उठले, फळीवरून सासूबाईंचा खलबत्ता काढला आणि माझ्या ताटाशेजारी ठेवला. सासूबाईंना दात नव्हते, जेवण झालं की त्या पान-सुपारी ह्यात कुटून खायच्या. टुक टुक, टुक टुक, रोज दुपारी.

“घे, आता तुझाच,” म्हणाले.

मला रागच आला. तर हे म्हणतात, आईला दात का नव्हते ठाऊक आहे का तुला? मी म्हटलं, वय झालं होतं. ते म्हणाले, तेव्हा ती पन्नाशीचीही नव्हती.

मग त्यांनी सांगितलं. सासूबाईंच्या कवळीचं माप वसई गावात देऊन झालं होतं. पैसे घेऊन सोमवारी बोलावलं होतं. रविवारी माझे दिवस भरले. मूल आडवं, ऑपरेशन झालं, आणि डबा तळापर्यंत रिकामा झाला. सासूबाई सोमवारी गेल्या नाहीत. पुढे डबा भरला तेव्हा ह्यांनीच आठवण केली, तर म्हणाल्या, ज्याचं अडलं त्याची अडी, माझं आता अडत नाय, सवय झाली.

तो टुक टुक आवाज दुपारची झोप मोडतो म्हणून मी किती वर्षं कुरकुरले होते. त्यांनी एका शब्दाने सांगितलं नाही, मला नाही, माझ्या लेकालाही नाही, ज्याच्यापायी ते झालं. कशाचं बनलेलं असतं हो असं माणूस? मी आतून बघितलं ते फक्त माझं तोंड. त्यांची मुळं किती खोल होती ते कुठल्या यंत्रात दिसणार.

“तिचं अडत नव्हतं म्हणाली,” हे म्हणाले. एरवी दिवसाला चार वाक्यं बोलणारा माणूस. “तुझं अडलंय. तुझं बोलणं अडलंय, आणि त्याने सगळं घर अडलंय.”

लेकाने मोटर स्कूटरवर घालून वालीवला नेली आणि तिथून आतली जळलेली तार नव्याने भरून आणली, नवी घ्यावीच लागली नाही. मला सून बँकेत घेऊन गेली. आयुष्यात पहिल्यांदा मी ते पासबुक छापायला दिलं. यंत्र ठर्र ठर्र करत चाललं, पान उलटलं, पुन्हा ठर्र ठर्र. पुस्तक संपलं, दुसरं द्यावं लागलं. मागच्या रांगेतली माणसं कुरकुरायला लागली. मी एकेका ओळीवर बोट ठेवत होते. एक ओळ म्हणजे एक उतरणी, कुणीतरी वर चढलं, नारळ धपधप खाली पडले, ते दिवस. आकडा मी सांगणार नाही, आमच्यात मोजत नाहीत. मोटर झाली, दात झाले, आणि खातं रिकामं झालं नाही, एवढंच.

स्क्रू बसवल्याच्या आठवड्यात नारळ उतरवायला माणूस आला होता. तो म्हणाला, काकी, हा माड आता थकला, फार वर्षं नाही द्यायचा. तेव्हा मी त्याचा एक पिकला नारळ बाजूला ठेवला आणि विहिरीपाशी मातीत अर्धा पुरला. हे बघत होते. म्हणाले, हा नारळ धरेपर्यंत सात-आठ वर्षं, कुणासाठी लावतेस? मी पदराआडून म्हटलं, कुणाचं तरी अडेलच की.

चार महिने मी दोघांनाही त्रास दिला नाही, ना हाडाला, ना नारळाला. दोघांनी धरलं. दात बसले त्या संध्याकाळी मी नणंदेला स्वतः फोन लावला आणि म्हटलं, सुकेळी पाठव. शीळ नाही, काही नाही. तिकडून ती म्हणाली, “ते राहू दे. अर्धा माड सापडला का?”

“सापडला,” मी म्हटलं. “विहिरीपाशी आहे. वीतभर झालाय.”