उलट फिरणाऱ्या धुराची टाकी

दुपारचा डबा खाल्ला की मला डोळा लागतो, ही जुनी खोड. पूर्वी आण्णा पायानं ढोसून उठवायचा. आता उठवणारं कुणी नाही, म्हणून झोप हवी तेवढी मिळते आणि नकोशी झालीय. आज सुट्टीचा वार. उद्यमनगरातली आजूबाजूची सगळी शेडं बंद आहेत, ग्राइंडरचा आवाज कुठूनच येत नाही. मी टाकीला पाठ टेकून बसलोय, हातात खडू आहे, आणि डोळे मिटतायत.

ही टाकी जुन्या कॉम्प्रेसरची. दोन फूट रुंद, पाच फूट लांब. पन्हाळ्याच्या वाटेवर संग्राम सरनोबतांनी हॉटेल काढलंय. ते बरीच वर्षं अमेरिकेत होते आणि तिकडच्यासारखी, धुरावर मांस शिजवायची भट्टी त्यांना हवीय. तिचं तंत्र थोडं उलटं आहे. जाळ एका टोकाला, बाहेरच्या पेटीत. धूर टाकीत शिरतो, पण लगेच मांसाला लागत नाही. आत खालच्या अंगाला एक आडवा पत्रा असतो, त्याच्या खालून धूर पार दुसऱ्या टोकाला जातो, तिथं वर वळतो आणि मांसावरून माघारी येतो. धुराडं जाळाच्याच बाजूला. असं केलं की सगळ्या मांसाला सारखी आच लागते.

काम आण्णानं घेतलं होतं. आण्णा म्हणजे दिनकर, माझा थोरला भाऊ. त्याला जाऊन तीन महिने झाले आणि टाकी अजून अखंडच आहे. मी रोज तिच्यावर खडूनं रेघा मारतो, पुसतो, परत मारतो. गॅसकटर पेटवायची वेळ आली की मापात काहीतरी चुकलंय असं स्वतःला सांगून मी पुन्हा टेप काढतो. या टाकीत हवेशिवाय कधी काही नव्हतं, हे मला माहीत आहे. हातांना ते पटत नाही.

"पत्रा कुठवर आणलास?"

आण्णा टाकीच्या पलीकडच्या टोकाला उकिडवा बसलाय. अंगात तोच खाकी शर्ट, वरचं बटण तुटलेला. भुवया जागेवर आहेत. मला आधी भुवयाच दिसतात, कारण दवाखान्यात त्या नव्हत्या.

"टोकापासून चार बोटं सोडलीत," मी म्हणतो. मेलेल्या माणसाशी बोलायला आपण काहीतरी वेगळं बोलू असं वाटतं. तसं काही होत नाही. त्यानं माप विचारलं की माप सांगायचं, ही तीस वर्षांची सवय.

"चार बोटं. आन पेटीतनं धूर आत शिरतो ते तोंड केवढं?"

"त्याच्या दुप्पट तरी असेल."

"मग दुपटीनं आत आल्याला धूर चार बोटांतनं वर जानार कसा, इल्या? उलटा फिरून तुझ्याच तोंडावर ईल."

इल्या म्हणजे मी, विलास. तीन महिन्यांत मला या नावानं कुणी हाक मारलेली नाही. मी ठरवतो की आता सांगायचं, पहिल्याच झटक्यात सांगून टाकायचं. पण आम्ही टाकीच्या आत आहोत. आत वाकून बसायला जागा आहे, मग उभं राहायला आहे, मग कोपऱ्यात आईची चूल आहे आणि शेणानं सारवलेली जमीन. धूर डोळ्यांत जातोय. आण्णा फुंकणीनं जाळ फुलवतो, पण घरात शिरलेल्या धुराला बाहेर वाटच नाही.

"बघ," तो म्हणतो. "वळनाला वीतभर जागा पायजे. तोंडाएवढी तरी, जरा जास्तच. कमी न्हाई."

"बरं. आण्णा, मला तुला एक..."

"पेटी केवढी धरलीस?"

"पावणेदोन फूट, चारी बाजूंनी. टाकीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी भरते."

"हे बरोबर हाय."

त्याच्या एवढ्या तीन शब्दांनी मला बरं वाटतं. पंचेचाळिशीतला माणूस मी, ज्याला माझ्यामुळे मरण आलं त्याच्याकडून शाबासकी मिळाली म्हणून खूश होतो. लाज वाटते, पण खूश होतो.

"आन धुराडं?"

"तुझ्या कागदावर सहा इंची पाइप आहे. तो मिळेना. तीन इंचीचे दोन तुकडे पडलेत आपल्याकडे, तेच शेजारी शेजारी लावतो. तीन आणि तीन सहा."

आण्णा माझ्याकडे बघतच राहतो. हे बघणं मला ओळखीचं आहे. याच्या आधी तो मला गाढव म्हणायचा आणि याच्या नंतर शिकवायचा. माझ्या हातातला खडू घेऊन तो सारवलेल्या जमिनीवर सहा इंची गोल काढतो. खडू सारवणावर उमटत नाही, पण इथं उमटतो. मग त्या गोलात तीन इंचीचे दोन गोल, एकमेकांना चिकटून.

"बसले?"

"बसले."

"बाजूला काय उरलं?"

मी बघतो. मोठ्या गोलात दोन्ही बाजूंना केवढी तरी जागा मोकळी आहे. जेवढी दोन गोलांनी खाल्ली, तेवढीच उरलीय.

"आईनं मोठी भाकरी थापली आन त्या जागी तुला दोन पुऱ्या वाढल्या, तर पोट भरंल व्हय? तसले चार पाइप लागतील. न्हाईतर सहा इंची हुडक. दोनात भागवलंस तर निम्मा धूर आत कोंडतोय, मांस कडू जहर हुतंय, आन सरनोबत तुझ्या डोक्यात घालतील ते. रुंदीची बेरीज करायची नसती, जागेची करायची."

मी हसतो. तोही हसतो. पांढरी भिंत आहे. माझ्या हाताखाली लोखंडी खाट आहे, चादरीला औषधाचा वास. आण्णा खाटेची लांबी टेपनं मोजतोय. "सहा फूट दोन सूत," तो म्हणतो आणि टेप सर्रकन आत जातो. खाटेवर कुणीतरी आहे, आपादमस्तक पांढऱ्या पट्ट्यांत. ते कोण आहे हे मला माहीत आहे, म्हणून मी तिकडे बघत नाही.

"आण्णा, ऐक की. मला सांगू दे."

"धुराडं आत किती खाली सोडनार?"

"ते राहू दे रे!"

"मांसाच्या जाळीच्या बरोबरीला ठिव. लई वर घेतलंस तर धूर मांसाला न शिवता वरच्या वरच पळतोय."

मी त्याचा हात धरतो. हात गरम आहे, खरबरीत आहे, अंगठ्याच्या मुळाशी भाजल्याचा जुना डाग आहे. मी तो हात सोडत नाही. रडत रडत त्याला म्हणतो की लोक काय बोलतात ते तुला ठाऊक आहे का. आख्ख्या उद्यमनगरात म्हणतात, दिनकर घाईचा निघाला. इतकी वर्षं लोखंडात काढली आणि न धुतलेल्या ड्रमला कटर लावला. वहिनीही तेच म्हणतात. दहाव्याला, कावळा शिवत नव्हता तेव्हा, सगळ्यांसमोर म्हणाल्या, ह्या माणसानं आमचा कुणाचा इचारच केला न्हाई. तेव्हापासून त्यांनी तुझं नाव काढलेलं नाही. डोळ्यांतून टिपूस नाही. फोटो फ्रेम करून आणला, तो कपाटावर उलटा ठेवलाय. आणि मी मूग गिळून बसलोय, आण्णा. तीन महिने त्यांच्या हातचा डबा खातोय.

तो हात सोडवून घेत नाही. मग म्हणतो, "चल. ड्रमवर करून बघू."

शेडमध्ये ऊन पत्र्याच्या भोकांतून खाली आलंय. हा तोच दिवस आहे. मला तो उन्हावरून कळतो. मोठ्या टाकीला हात लावायच्या आधी धूर खरंच उलटा फिरतो का, हे एका ड्रमवर करून बघू, असं आण्णानं ठरवलं होतं. ड्रम भंगारातून आणला होता, निळा, त्यात थिनर असायचा. थिनरची वाफ जाळानं भडकते आणि ड्रम फुटतो, म्हणून असल्या ड्रमला कटर लावायची एक रीत आहे. सोड्याच्या पाण्यानं खळखळून धुवायचा, मग तोंडापर्यंत पाण्यानं भरून ठेवायचा, म्हणजे उरलीसुरली वाफ बाहेर निघते, आणि कापायच्या आधी ते पाणी ओतून टाकायचं. आण्णानं हे काम मला दिलं होतं. नळाला पाणी बारीक येत होतं. ड्रम भरायला तासभर लागला असता. मी दोन बादल्या आत ओतल्या, ड्रम हलवला, उपडा केला आणि कोपऱ्यावरच्या टपरीत जाऊन बसलो. चहा प्यालो. कुणाच्या तरी नव्या गाडीवर बसून बघितलं. परत आलो तेव्हा ड्रम कोरडा दिसत होता आणि वास येत नव्हता, निदान मला तरी नाही.

आता तो ड्रम माझ्यासमोर आहे. आण्णा चष्मा चढवतो. कटरची नळी झटकून सरळ करतो. लायटर हातात घेतो आणि माझ्याकडे वळून विचारतो, अगदी त्याच आवाजात, त्याला घाई अजिबात नाही:

"ड्रम धुतलास न्हवं? पाणी भरून ठेवलं हुतंस?"

त्या दिवशी मी मोबाइलमधून मान वर न काढता म्हणालो होतो, हो, केव्हाच. ओतून पण टाकलं.

आणि मला एकदम कळतं की अजून काही झालेलं नाही. त्यानं आत्ता विचारलंय. मी नाही म्हटलं तर तो चष्मा काढेल, मला चार शिव्या देईल, नळाला पाइप लावून ड्रम भरेल आणि तासभर विडी ओढत बसेल. संध्याकाळी घरी जाईल. एवढंच करायचं आहे, एक शब्द बोलायचा आहे. मी तोंड उघडतो. आवाज येत नाही. जीभ लोखंडासारखी जड झालीय. आण्णा वाट बघतोय. त्याचा अंगठा लायटरवर आहे.

"इल्या, धुतलास न्हवं?"

मी मान हलवतो, पण मान हलत नाही. मी त्याच्याकडे धावतो, पण पाय त्या सारवलेल्या जमिनीत रुतलेत. मी देवाला हाका मारतो, आईला मारतो. छातीत सगळा धूर कोंडलाय आणि वर जायला चार बोटांची फट आहे.

"न्हाई!" माझ्या तोंडून एकदाचं निघतं. "न्हाई धुतला, आण्णा! धुतला न्हवता मी! ड्रम धुतला न्हवता!"

आण्णा लायटर खाली ठेवतो. चष्मा कपाळावर सरकवतो. तो रागावलेला नाही आणि त्यानं मला माफही केलेलं नाही. माप चुकल्यावर बघायचा तसा बघतो.

"मला काय सांगतोस?" तो म्हणतो. "मी तितंच हुतो की."

डोळे उघडतात. मी जमिनीवर आडवा पडलोय, अंग घामानं भिजलंय, घसा ओरडून बसलाय. वर पत्रा, पत्र्याची भोकं, ऊन. मी टाकीला धरून उठतो आणि तिच्या टोकाशी नजर जाते. चार बोटांवर मारलेली माझी रेघ नाही. हाताच्या तळव्यानं पुसावी तशी पुसली गेलीय. तिच्या अलीकडे, टोकापासून बरोबर एका वितीवर, नवी रेघ आहे. जाड, सरळ, एका दमात ओढलेली. मी इतकी सरळ रेघ आजवर मारलेली नाही. माझा तळवा पांढरा झालाय, तेव्हा मीच झोपेत मारली असेल.

"काय धुतला न्हवता, भावजी?"

वहिनी दारात उभ्या आहेत. एका हातात चहाची किटली, दुसऱ्या हातात कप. दुपारचा डबा न्यायला त्या याच वेळेला येतात. किती वेळ उभ्या आहेत कोण जाणे. स्वप्न पडलं होतं, असं म्हटलं तर भागेल. त्यांनाही ते पटेल, मी हल्ली झोपेत बडबडतो हे त्यांना माहीत आहे. त्या चहा ओततील, डबा उचलतील आणि जातील.

"ड्रम," मी म्हणतो. "आण्णानं मला धुवायला सांगितला होता, भरून ठेवायला सांगितला होता. मी केलं नाही. कटर पेटवायच्या आधी त्यानं विचारलं, धुतलास न्हवं? पाणी भरून ठेवलं हुतंस का, तेही विचारलं, वहिनी. मी हो म्हणालो."

मी वाट बघतो. त्या किटली माझ्या तोंडावर फेकतील, किंचाळतील, निदान एक शिवी तरी देतील, आणि ते सगळं मला हवं आहे. त्या किटली खाली ठेवतात. कप तिच्या शेजारी ठेवतात. मग दाराच्या चौकटीला धरून हळूहळू खाली बसतात, उंबऱ्यावरच.

"म्हंजे त्यांनी इचारलं हुतं," त्या म्हणतात.

माझ्याकडे त्या बघतही नाहीत. पुन्हा एकदा तेच म्हणतात, या वेळी स्वतःशीच, "इचारलं हुतं त्यांनी." आणि पदर तोंडात कोंबून, तीन महिन्यांत पहिल्यांदा, नवऱ्यासाठी रडायला लागतात.