शहागडच्या रानात मामांचं जॅकेट

२००८च्या जानेवारीत मी पहिल्यांदा क्रॉस-कंट्रीच्या स्पर्धेत उतरणार होते. म्हणजे मोकळ्या रानात घोड्यावरून ओंडके, चर, बांध ओलांडत जायचं. औरंगाबादच्या आमच्या क्लबात तसं रान नाही, म्हणून सरावासाठी दोन दिवसांची रजा टाकून शहागडला मामांकडे निघाले. मामा फौजेच्या घोडदळातून निवृत्त झालेले. आता शेती करतात आणि काजळी नावाची घोडी सांभाळतात.

सकाळची बीडकडची एसटी पकडलीत तर दोन-अडीच तासांत पोचाल. तिकीट पन्नासेक रुपये. हायवेवर ट्रकांच्या रांगेपाशी उतरायचं आणि ढाब्यावर गोदावरीचे मासे खाल्ल्याशिवाय पुढे जायचं नाही. रस्सा जहाल असतो, तरी भाकऱ्या संपतात.

पाणी देऊन मामांनी आधी माझं सुरक्षा जॅकेट मागितलं. छातीपाठीला जाड फोम असलेलं ते जॅकेट मी मैत्रिणीकडून वापरलेलं घेतलं होतं. त्यांची बोटं पाठीवरच्या एका खळग्यापाशी थांबली.

"हे घालून कोन पडलं होतं?"

"मैत्रीण. मागच्या वर्षी."

"मंग हे कामातून गेलं. एकदा मार खाल्ला की फोम बसतो, पुन्हा उठत न्हाई."

मला राग आला. "जंपिंगला तर कितीतरी जण जॅकेटशिवाय उतरतात."

"तिथली दांडी धक्का लागला की पडती. इथला ओंडका पडत न्हाई, तू पडतीस. रेसच्या जॉकीलाबी जॅकेट लागतंच. ड्रेसाजमधी घोडा कवायत करतो, तिथं कोटावर भागतं."

मग आतून त्यांनी स्वतःचं जॅकेट आणून माझ्यापुढे ठेवलं.

मामी म्हणाल्या, "उद्या तुम्हीच उडी मारणार होता ना? आठ दिवसांपासून घोडी तयार करून राह्यले."

पुढच्या आठवड्यात मामांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. नंतर घोड्यावर बसता येईल की नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. मी जॅकेट परत केलं, तर म्हणाले, "आधी तू. मंग मी."

सकाळी त्यांनी पट्टे घट्ट आवळून जॅकेट हलत नाही ना पाहिलं. पहिले दोन ओंडके काजळीने सहज ओलांडले. बांधापाशी माझा तोल गेला आणि मी पाठीवर दगडात आदळले. श्वास कोंडला, पण उठले.

फोम उठतो का बघायला मामांनी जॅकेट उन्हात ठेवलं, अर्धा तास थांबले आणि त्याची पाठ दाबून पाहिली. मी पडले तेव्हाचा खळगा तसाच होता.

"मामा, एकच उडी," मी म्हणाले. "काजळी तयार आहे."

"काल तुला काय सांगितलं?" ते शांतपणे म्हणाले आणि घोडीचं खोगीर सोडायला लागले.

घरी आल्यावर चार दिवस पाठ दुखली, पण बरगडी एकही मोडली नव्हती. नवीन जॅकेट घेऊन मी स्पर्धेत उतरले आणि सातवी आले. ऑपरेशन नीट झालं. मामा चालतात, घोड्यावर अजून बसलेले नाहीत. नंबर मी विसरेन. पण त्या मोकळ्या रानात अडवणारं कुणी नव्हतं, घोडी तयार उभी होती, आणि मामा खोगिराचा एकेक पट्टा सोडत होते, ते विसरणार नाही.