काकांचा उलटा हात

अख्ख्या लखनऊत उन्हाळ्याशी मनापासून वैर धरलं ते एकाच माणसानं, मानक नगरमधल्या आमच्या शेजारच्या काकांनी. इलेक्ट्रॉनिक्सचे इंजिनिअर म्हणून रेल्वेतून निवृत्त झाले, पण तापलेल्या वस्तूंची काळजी काही सुटली नाही. कुणाकडेही गेले की आधी टीव्हीला, राउटरला उलटा हात लावायचे, आजारी पोराच्या कपाळाला लावतात तसा. यजमानांची चौकशी त्यानंतर. आमच्या राउटरसाठी त्यांनी काकूंचा टेबलफॅन उचलून आणला, तेव्हा काकूंनी कित्येक दिवस माझ्याशी अबोला धरला होता. काका म्हणायचे, "अरे, तापलं की आतले इलेक्ट्रॉन सैरभैर होतात, त्याचीच ती खरखर. निर्जीव झालं म्हणून काय, गरमी तो लगती है यार!"

मी हसायचो. पण माझी नोकरी टिकली ती या माणसामुळे. मी तेव्हा रेल्वेत प्रोबेशनवर होतो. गाडीच्या चाकाच्या बेअरिंगमधली कुरकुर ऐकणारं एक यंत्र मी बनवलं होतं. एसीत ते झकास चालायचं, जूनच्या उन्हात यार्डात नेलं की नुसती खरखर. दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर चाचणी होती आणि मी घाबरून, खरखर त्यांचीच समजून, सगळे रेझिस्टर बदलत सुटलो होतो.

"त्या गरिबांना कशाला छळतोस? बर्फात बुडवलंस तरी त्यांची खरखर नावापुरतीच कमी होईल," काका म्हणाले आणि गल्लीतल्या कुल्फीवाल्याकडे बर्फ मागायला गेले. तो म्हणाला, "बाबूजी, पहले कुल्फी तो लीजिए." मग भर दुपारी एका हातात कुल्फी, दुसऱ्या हातात पिशवीत गुंडाळलेला बर्फाचा खडा, असे काका उन्हात ठेवलेल्या यंत्राच्या एकेका भागाला गारवा देत बसले. एका ट्रान्झिस्टरला बर्फ लागताच खरखर एकदम थांबली. "मिल गया! तापला की यातून करंट गळतो."

त्या संध्याकाळी दुकानं बंद होती. काकांनी स्वतः पारखून बसवलेला ट्रान्झिस्टर आपल्या लाडक्या रेडिओतून काढून मला दिला. चाचणी पार पडली, मी कायम झालो. त्यांचा रेडिओ मात्र नवा ट्रान्झिस्टर येईपर्यंत मुका होता. 

यंदा ते मुलाकडे राहायला गेले. उन्हाळ्याचा हा वैरी, आणि गेला कुठे, तर नागपूरला! चारबाग स्टेशनवर गाडी सुटायच्या आधी मला किती तरी बोलायचं होतं. "काका, तुम्ही नसता तर..." एवढंच म्हणालो आणि पुढे नुसती खरखर. काकांनी खिडकीतून माझ्या कपाळाला उलटा हात लावला.

"तापलायस," ते म्हणाले. "जरा निव. मग सगळं नीट ऐकू येईल मला."